हळदीवरचा आळ

"पाण्यात बुडवून बघत्यात का?" अण्णांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं ऑपरेशन होतं. मोठ्या आतड्याच्या शेवटाकडे कॅन्सरची गाठ होती. तेवढा भाग कापून काढायचा आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडायची, हे मी त्यांना कागदावर चित्र काढून समजावत होते. अण्णा म्हणजे माझे वडील, नामदेव कोळेकर. जयसिंगपूरच्या स्टँडसमोर त्यांनी चाळीस वर्षं सायकलींची पंक्चरं काढली. आता बॅटरीवरच्या सायकली आल्या तरी पंक्चर व्हायच्या काही थांबलेल्या नाहीत, त्यामुळे सत्तरीतही दुकान चालू होतं.

"काय बुडवून बघतात?"

"आतडं गं. ठिगळ लावलं की ट्यूबीत हवा भरायची आणि घमेल्यात बुडवायची. बुडबुडा आला की ठिगळ खोटं. तसं न बघता सायकल दिली तर गिऱ्हाईक दोन मैलांवर जाऊन बोंबलत बसंल की."

मी हसले. "अण्णा, ते जुनं झालं. आता सांधा स्वतःच सांगतो, मी गळतोय म्हणून."

"सांधा खोटं बोलला तर?"

"मीच तपासलाय तो."

हे मी वडिलांना म्हणाले, छाती पुढे काढून. आज तो प्रसंग आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. कारण म्हाताऱ्याचा प्रश्न अडाणी नव्हता. आमच्या सर्जन मंडळींनी वर्षानुवर्षं नेमकं हेच केलं होतं. आतडं जोडून झालं की पोटात सलाइन ओतायचं, खालून हवा भरायची आणि बुडबुडे येतात का ते बघायचं. आठ मिनिटांचं काम. ते बंद करायचा कागद माझ्याच टेबलावरून गेला होता.

मी, तेजस्विनी कोळेकर, मिरजेच्या उपकरण परीक्षण केंद्रात मुख्य परीक्षक होते. नवं उपकरण आलं की ते रुग्णांवर कसं चालतं याचे आकडे गोळा करायचे, तपासायचे आणि सही करायची. माझ्या सहीशिवाय राज्यातल्या कुठल्याही रुग्णालयात ते वापरता येत नसे. 'सुसंध' नावाच्या कंपनीचा सांधा माझ्याकडे आला, तो २०३७ साली.

तो काय होता ते सांगते. जोडलेलं आतडं गळणं ही या ऑपरेशनची सगळ्यात मोठी भीती. टाके घाला नाहीतर पिनांचं यंत्र वापरा, काही जणांचा सांधा चौथ्या-पाचव्या दिवशी उसवतो, आतली घाण पोटात पसरते आणि चांगला चालताबोलता माणूस दोन दिवसांत हातचा जातो. सुसंधनं दोन चुंबकी कड्या केल्या. दोन्ही टोकांत एकेक कडी बसवायची. त्या एकमेकींना खेचून धरतात, मधलं मांस जुळून येतं आणि दहाएक दिवसांनी कड्या शौचावाटे पडून जातात. बाहेरून सांध्याभोवती एक पातळ पट्टी गुंडाळायची. ती पुढे आपोआप विरघळते. त्या पट्टीत एक निळा दिवा आणि एक डोळा. रुग्णाला रोज दोनदा चमचाभर औषध पाजायचं. निळ्या उजेडात ते पिवळं-हिरवं चमकतं. सांधा गळला तर औषध बाहेर येणार, पट्टीच्या डोळ्याला चमक दिसणार आणि वॉर्डात घंटा वाजणार. कल्पना सुरेख होती, आजही मी तिला नावं ठेवत नाही.

पण पहिल्या चाळीस रुग्णांत सतरा वेळा घंटा वाजली, आणि सीटी स्कॅन काढला तर खरी गळती तिघांतच. परदेशात असं झालं नव्हतं. कंपनीचे लोक हैराण झाले. कारण शोधून काढलं ते मी.

एका दुपारी मी वॉर्डात उभी होते आणि एका खाटेवरून थर्मासचं झाकण उघडल्याचा वास आला. हळदीचं दूध! आपल्याकडे हाड मोडो, दात पडो नाहीतर पोट फाडो, पहिला उपाय तोच. त्यातून सांगली म्हणजे हळदीची पेठ. मी त्यातलं चमचाभर दूध प्रयोगशाळेत नेलं, दिवे मालवले आणि निळा उजेड पाडला. दूध पिवळं-हिरवं चमकलं. हळद अंगात फारशी शोषली जात नाही, आतड्यातच राहते. तिची चमक आतड्याच्या पातळ भिंतीतून बाहेर दिसत होती, आणि पट्टीला वाटत होतं सांधा फुटला.

माझं कौतुक झालं, पेपरात फोटो आला. अण्णांनी तो कात्रण करून दुकानात लावला.

आता यावर उपाय दोन होते. एक, प्रत्येक घरच्या माणसाला समोर बसवून नीट समजावायचं की आठ दिवस हळद का नको. त्याला वॉर्डात माणूस लागतो, वेळ लागतो. दुसरा, घंटा वाजण्याची मर्यादा वाढवायची, म्हणजे चमक फार झाली तरच घंटा. सुसंधचे वैद्यकीय प्रमुख देवस्थळी माझ्यासमोर बसले होते. चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "मॅडम, आपली माणसं ऐकणार आहेत का? तोंडावर हो म्हणतील आणि मागनं थर्मास आणतील."

मी हसले. पंक्चरवाल्याची पोर, जिच्या घरात प्रत्येक दुखण्याला हळदीचं दूध होतं, ती 'आपल्या माणसांना' हसली. आणि मी लिहिलं: 'रुग्णांचे नातेवाईक आहाराच्या सूचना पाळत नाहीत; सबब इशाऱ्याची मर्यादा तिप्पट करण्यात यावी.' सूचनेचं पत्रक मात्र छापायचं ठरलं. बारीक टायपात आठ ओळी, त्यात सहावी ओळ हळदीची.

घंटा थांबल्या, आकडे सुंदर आले. फॉर्मवरचा 'गळती' हा रकाना पट्टीच थेट भरत असे. माणसाचा हात लागून चूक नको, म्हणून. परीक्षा देणाऱ्यानंच पेपर तपासायचे, अशी ही सोय. तीसुद्धा मीच मंजूर केली. मग कंपनी म्हणाली, पट्टी एवढी भरवशाची आहे तर बुडबुड्यांची आठ मिनिटं कशाला? तेही मला पटलं.

अण्णांचं ऑपरेशन उत्तम झालं. सर्जन मुजावर म्हणजे सोन्यासारख्या हाताचा माणूस. मी अण्णांना दम भरला होता, हळदीचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये. त्यांनी तो अक्षरशः पाळला. पेज प्यायची तीही पांढरी.

चौथ्या दिवशी सकाळी मी गेले तर अण्णा गप्प होते. उचक्या लागल्या होत्या. खाटेजवळच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: सांधा सुरक्षित. वॉर्डातला तरुण डॉक्टर म्हणाला, गॅस असेल.

एस्तेर सिस्टर त्या वॉर्डात तीस वर्षं होत्या. त्यांनी अण्णांना विचारलं, "वारा सरला का, अण्णा?"

अण्णांनी मान हलवली. न्हाई.

सिस्टरांनी नाडी धरली आणि मग माझ्याकडे बघितलं. "एकशे अठरा आहे. कालपासून चढतीय. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणतात पडदा हिरवा आहे."

"पट्टीवर काहीच नाही, सिस्टर," मी म्हणाले. देवाशपथ, मी हे म्हणाले.

"मॅडम, तो पडदा जरा झाका आणि बापाच्या पोटाला हात लावा."

मी हात लावला. पोट फळीसारखं कडक होतं. अण्णा कळवळले. मी तिथूनच मुजावरांना फोन लावला.

तासाभरात मुजावरांनी पोट उघडलं. सांध्याच्या मागच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक होतं. घाण सगळीकडे पसरली होती. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "पाणी ओतून हवा भरली. बुडबुडे आले. पहिल्या दिवशी बघितलं असतं तर कदाचित तेव्हाच दिसलं असतं." नियम कुणाचा होता ते दोघांनाही माहीत होतं.

अण्णा वाचले. बारा दिवस अतिदक्षता विभागात काढून, पोटावर पिशवी घेऊन वाचले. पट्टीनं चमक पाहिलीच नव्हती असं नाही. जुन्या मर्यादेच्या दीडपट पाहिली होती. नव्या मर्यादेला ती पुरली नाही. हळदीच्या भीतीनं मर्यादा वाढवली, आणि ज्यानं हळद वर्ज्य केली तोच मरता मरता राहिला.

पुढच्या सोमवारी केंद्रात नेहमीसारखे फॉर्म आले. रुग्ण क्रमांक ३०४. गळती: नाही.

मी दोनदा वाचलं. मग देवस्थळींना फोन लावला.

"मॅडम, कसे आहेत वडील?"

"तीनशे चारच्या फॉर्मवर गळती नाही असं कसं?"

"व्याख्येनुसार गळती म्हणजे पट्टीनं नोंदवलेली गळती. वडिलांना पोटातला जंतुसंसर्ग झाला. तो रकाना वेगळा आहे."

"माझ्या बापाच्या पोटात घाण सापडली आहे, देवस्थळी. सर्जननं डोळ्यांनी बघितली आहे."

"मला खरंच वाईट वाटतं. पण व्याख्येवर सही आपलीच आहे."

फोन भिंतीवर फेकावा असं वाटलं. फेकला नाही, कारण तो खरं बोलत होता. खरं बोलणाऱ्या हलकट माणसाचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पट्टीची मूळ मोजमापं साठवलेली होती. घंटा वाजो न वाजो, चमक किती हे दर तासाला नोंदलं जात होतं. इतके दिवस ती कुणी उघडली नव्हती, मीही नाही. तीनशे सहा रुग्णांची मोजमापं मी एकेक करून बघितली. जुन्या मर्यादेच्या वर पण नव्या मर्यादेच्या खाली चमक आलेली आणि नंतर आजारी पडलेली माणसं चौदा. त्यातली पाच मेलेली. आणि त्या पाचही फॉर्मांवर मृत्यूच्या कारणापुढे एकच ओळ: नातेवाइकांकडून आहारभंग.

तो रकाना कंपनीनं माझ्या टिपणानंतर घातला होता. 'नातेवाईक सूचना पाळत नाहीत' हे माझं वाक्य. मी ते चहा पिता पिता लिहिलं होतं, आणि ते पाच घरांत मृत्यूचं कारण होऊन गेलं होतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. पण रडण्यापेक्षा राग जास्त होता. देवस्थळींचा, त्या बारीक टायपाचा, आणि सगळ्यात जास्त त्या हसणाऱ्या बाईचा.

केंद्राच्या समितीची बैठक झाली. मी मोजमापं मांडली. देवस्थळी म्हणाले, निष्कर्ष काढायची घाई नको. अध्यक्ष म्हणाले, मर्यादा पूर्ववत करू, पण बोभाटा कशाला? घरच्यांना 'तांत्रिक सुधारणा करण्यात आली आहे' असं पत्र पाठवू.

"कसली सुधारणा? पाच माणसं गेली आहेत!"

"आवाज खाली ठेवा, मॅडम."

"नाही ठेवणार. घंटेचा आवाज खाली ठेवला म्हणूनच हे झालं. सुधारणा नाही, चूक लिहा. आणि कुणाची तेही लिहा."

"नियम माहीत आहे ना? परीक्षकानं स्वतःची सही मागे घेतली की त्याचा सहीचा अधिकार कायमचा जातो."

"कागद द्या," मी म्हणाले.

सही मागे घ्यायलाही सही लागते. ती माझी शेवटची. बुडबुड्यांची चाचणी परत आली. गळती कुणी ठरवायची, तर पट्टी, सर्जन, स्कॅन आणि सिस्टर यांच्यापैकी कुणालाही शंका आली तरी ती गळतीच धरून तपासायची, असं ठरलं. हळदीसाठी वॉर्डात माणूस नेमला गेला. म्हणजे जे पहिल्याच दिवशी करता आलं असतं ते. पत्राचा मसुदा मात्र कुणीच लिहीना. जो तो दुसऱ्याकडे ढकलू लागला.

अण्णा घरी आले होते. पोटावरची पिशवी सांभाळत ओट्यावर बसायचे, दुकान बंद. मी त्यांना सगळं सांगितलं.

"माझ्या हातनं एकदा खोटं पंक्चर निघालं हुतं," ते म्हणाले. "उदगावचा मास्तर. वाटंत पडला, हात मोडला. मी काय दुकानात बसून ऱ्हायलो न्हाई. त्याच्या घरी गेलो, म्हटलं, गुरुजी, ठिगळ माझं हुतं."

"काय म्हणाले ते?"

"शिव्या घातल्या. त्या ऐकायलाच गेलो हुतो की." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पत्र कसलं पाठवतीस?"

मी समितीकडून पाच घरांचे पत्ते लेखी मागून घेतले. कुणी अडवलं नाही. उलट सगळ्यांना हायसं वाटलं.

पहिलं घर इचलकरंजीतलं. बाहुबली मगदूम, चार मागांचा कारखाना, वर घर. त्यांची बायको पद्मजा, वय एकेचाळीस, ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी गेली. बाहुबलींनी मला खुर्ची दिली, स्वतः पाणी आणून दिलं. मी कुठून आले ते सांगताच त्यांचा चेहरा आवळला.

"आता काय ऱ्हायलंय त्यात? डॉक्टरांनी सांगितलंय समदं. आईनं थर्मासातनं हळदीचं दूध दिलं. नको म्हणून लिव्हलं हुतं कागदावर. वाचता येत न्हाई तिला, पण विचारायचं तर हुतं." त्यांनी आतल्या दाराकडे मान झटकली. "चौदा महिनं झालं, मी तिच्या हातचं पाणी घेतलं न्हाई. ती तिचं करून खाती, मी माझं."

"त्यांना बोलवा," मी म्हणाले. "हे त्यांच्यासमोर सांगायचंय."

ते उठेनात. मग मीच आत गेले. मागच्या खोलीत एक बाई जमिनीवर जेवायला बसली होती. पंचाहत्तरीच्या असतील. ताटात भात, आणि भातावर वरण. वरण पांढरंफटक होतं, तांदळाच्या धुवणासारखं. चुलीशेजारी मिसळणाचा डबा उघडा होता. मोहरी, जिरं, तिखट. एक वाटी रिकामी, घासून चकचकीत केलेली.

बाहुबली दारात येऊन उभे राहिले. मी खाली बसले.

"आक्का, मी तेजस्विनी कोळेकर. तुमच्या सुनेच्या पोटात जे यंत्र होतं, ते तपासायचं काम माझं होतं. तिचा सांधा सुटला होता. तुमच्या दुधानं नाही. दुधानं आतडं सुटत नाही."

त्यांचा घास हातातच राहिला.

"दूध दिलंत त्याच दिवशी त्या यंत्राला चमक दिसली होती. पहिल्या नियमाप्रमाणं घंटा वाजली असती, डॉक्टर धावत आले असते, पोट तपासलं असतं. कदाचित ती वाचली असती. पण घंटा वाजू नये असा नियम केला गेला. तो मी केला. घरची माणसं ऐकत नाहीत असं मी लिहिलं. तुम्हाला एका शब्दानं न विचारता लिहिलं."

"म्हंजे माझ्या दुधानं..."

"तुमचं दूध बोंब मारत होतं, आक्का. त्याचं तोंड मी बांधलं."

खाली मागांचा खडखडाट चालू होता. आक्कांनी घास ताटात ठेवला. "चौदा महिनं," त्या म्हणाल्या. "लेकरागत हुती ती माझी. तिला मी मारलं म्हणून रोज सकाळी उठती मी. तुमाला कवा कळलं?"

"दोन महिन्यांपूर्वी."

"दोन महिनं!"

मला शिव्या पाहिजे होत्या. बाहुबली पुढं आले तेव्हा वाटलं, आता हा माणूस मला मारणार, आणि मी हललेही नाही. पण ते माझ्याकडं आलेच नाहीत. आईसमोर फतकल मारून बसले, तिचं ताट ओढून घेतलं आणि तिचा अर्धवट ठेवलेला घास उचलून तोंडात घातला. चावता येईना त्यांना. तरी दुसरा घेतला.

"आरं, थांब," आक्का म्हणाल्या. "त्यात हळद न्हाई."

ते खातच राहिले. आक्कांनी पदरानं डोळे पुसले, मग माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत क्षमा नव्हती.

"आनि किती घरं हाईत?"

"चार."

"मग बसलाय कशाला?" त्या ओरडल्या. "उठा! तितंबी कोन तरी माझ्यासारखं आळनी खात बसलं असंल."

मी उठले. दारातून बाहेर पडताना वळून बघायचा धीर झाला नाही. जिन्यावर उभी राहून मी पुढच्या घराचा पत्ता काढला.